मागील समस्या असणाऱ्यांनी बसू नये

कौसल्या गमरेला राग यायला वेळ लागत नाही, हे डिलाईल रोडच्या तिच्या चाळीत नळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण कारण नसताना ती चिडली, असं एकही उदाहरण कुणाला देता यायचं नाही. आणि गेली तीन वर्षं तिला कारणं पुरवण्याचं काम लोअर परळच्या एका मॉलने चोख बजावलं आहे.

मॉलच्या चौथ्या मजल्यावर खेळांचं दालन आहे आणि त्यात मधोमध ‘गरुडझेप’ नावाचा खेळ. नाव मोठं, पण आहे तो पत्र्याचा बंद डबा. आत बारा खुर्च्या, समोर भिंतभर पडदा आणि डब्याखाली वर-खाली होणारे सहा लोखंडी पाय. दार बंद झालं की पडद्यावर कडे-कपाऱ्या अंगावर धावून येतात आणि त्या तालावर डबा कलंडतो, आपटतो, गचके देतो. चार मिनिटांत माणूस मॉलमध्ये बसल्या बसल्या हिमालयावरून कोसळून येतो. बाहेर येताना कुणी हसत येतं, कुणी ओरडत येतं, आणि काही जण तोंडावर हात दाबून येतात. हे शेवटचे जे, ते कौसल्याच्या वाट्याचे.

ती तिथे कंत्राटावर साफसफाईला. पोछा, फिनेलची बाटली आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन ती डबा चालवणाऱ्या विनीतच्या शेजारी उभी असते. विनीतपुढे एक छोटा टीव्ही आहे, त्यात आत बसलेल्यांची तोंडं दिसतात. विनीत बटणं बघतो, ती तोंडं बघते. कोण ओकणार हे तिला त्या माणसाच्या आधी कळतं. आधी जांभई येते. बघणाऱ्याला वाटतं कंटाळला. कंटाळला कसला, ती पहिली घंटा. मग तोंडाला पाणी सुटतं आणि माणूस सारखा आवंढा गिळायला लागतो. मग ओठ पांढरे पडतात, वरच्या ओठावर घाम फुटतो. घाम दिसला की दारातच पिशवी हातात कोंबायची, विचारत बसायचं नाही.

हे असं का होतं, ते तिने एकदा विनीतला विचारलं होतं. “मावशी, डोळे सांगतात की पडतोयस, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारी मशीन असते ना, ती सांगते की गप बस, खुर्चीतच आहेस. मेंदूला कळत नाय कोणाचं खरं मानायचं.”

“म्हणजे दोघांच्या भांडणात पोटाचा जीव जातो,” कौसल्या म्हणाली. “आमच्या चाळीत रोजचंच आहे हे.”

ओकारीचा तिला राग नव्हता. माणूस आहे, पोट आहे, उलटी व्हायचीच. काहींना त्याहून जास्त होतं. लिफ्टजवळच्या बाकावर अर्धा अर्धा तास डोळे मिटून बसलेली माणसं तिने पाहिली होती. पाय जमिनीवर असून जमीन हलतेय म्हणायची. एका बाईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं होतं, घरची फरशी अजून डुलतेय, कधी थांबेल? फोन घेणाऱ्याने तिला पुढच्या वेळी सवलत देऊ केली. हेसुद्धा कौसल्याने सोडून दिलं असतं. तिचं डोकं फिरायचं ते ज्यांनी बसूच नये ती माणसं हौसेने रांगेत उभी दिसली की. कारण तिचा नवरा बुधाजी बावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवून घरी बसला होता. शहरातला एकेक खड्डा त्याच्या पाठीत जमा झाला होता. डॉक्टरांनी त्याला इंग्रजीत दोन ओळींचं नाव दिलं; चाळीत त्याला एकच नाव आहे, मणक्यात गॅप. बुधाजीला अंथरुणावर कुशीवर वळवताना तो कसा विव्हळतो हे जिने ऐकलंय, तिला गचके देणाऱ्या डब्याचं कौतुक कसं वाटावं?

म्हणून ती सुरुवातीला रांगेजवळ जाऊन सरळ विचारायची, “कुणाच्या मणक्यात गॅप आहे का? कुणाला हार्टचा त्रास?” दोन-तीन माणसं तरी चमकून बाजूला व्हायची. कुणी जाताना आभारही मानायचं. मग दालनाचा मॅनेजर सुशांत याने तिला बोलावून घेतलं.

“मावशी, तुम्ही कस्टमर पळवता.”

“पळवत नाही सर, वाचवते.”

“त्याच्यासाठी बोर्ड आहे ना.”

बोर्ड होता. पण इंग्रजीत, आणि अक्षरं मुंगीएवढी. कौसल्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी नेला आणि लेकीकडून, दीपिकाकडून, शब्दन् शब्द समजून घेतला. हृदयविकार, पाठ आणि मान दुखणारे, गरोदर बायका, यांनी बसू नये. सगळं बरोबर लिहिलेलं. फक्त ज्याला कळायला हवं त्याला कळणार नाही, अशा बेताने लिहिलेलं.

पुढे कुणीतरी तक्रार केली, की इथे मराठी पाट्या का नाहीत. वरून फर्मान आलं आणि आठवडाभरात मराठी बोर्ड लागला. चांगला पुरुषभर उंच, पिवळाधमक. कौसल्या पोछा हातात धरून तो वाचायला उभी राहिली, आणि वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हृदयाची अट असलेल्यांनी बसू नये.
मागील समस्या असणाऱ्यांनी बसू नये.
अपेक्षा करणाऱ्या मातांनी बसू नये.

पहिल्यांदा तिला हसू आलं, हे खरं. अपेक्षा न करणारी आई मुंबईत एक तरी दाखवा. पण हसू तोंडातच विरलं. ती तडक सुशांतच्या केबिनमध्ये गेली.

“सर, हृदयाची अट म्हणजे काय?”

“ते कंपनीच्या कम्प्युटरने केलंय भाषांतर.”

“आणि मागील समस्या? पाठीचा त्रास म्हणायचंय ना? मागील म्हणजे मागची होते, आधीची.”

“मावशी, मराठी पायजे होतं, मराठी लावलंय. अक्षरं मोठी आहेत. अजून काय पायजे?”

“अर्थ पाहिजे, सर.”

सुशांत हसला. तो गिरगावात वाढलेला, घरी मराठीच बोलणारा. बोर्डावरचं त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, एवढंच. “तुम्ही तुमचं काम करा. आणि परत रांगेशी बोललात तर मला कंत्राटदाराला कळवायला लागेल.” कौसल्याचं घर तिच्या पगारावर चालत होतं. तिने तोंडाला कुलूप घातलं. त्या कुलपाबद्दल तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीतला रविवार होता. रांग लिफ्टपर्यंत गेलेली. त्या रांगेत लालबागचे रघुनाथ घाडी उभे होते. बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. सोबत बायको लक्ष्मीबाई, लेक रुपाली आणि रुपालीची नऊ वर्षांची स्पृहा. आजोबांनी शेजारच्या खुर्चीत बसायचं, असा नातीचा हट्ट होता. रांग बोर्डापाशी आली तेव्हा रघुनाथरावांनी चष्मा चढवला आणि एकेका ओळीखाली बोट धरून बोर्ड वाचायला घेतला. ओठ हलवत, अथपासून इतिपर्यंत. लागल्यापासून तो बोर्ड पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस. वाचून झाल्यावर समाधानाने मान हलवून ते पुढे सरकले.

कौसल्या बाजूला आधीच्या खेळाची घाण पुसत होती. तिने त्यांचं पाठ ताठ धरून, जपून पाऊल टाकत चालणं पाहिलं. असं चालणं ती रोज घरी बघते. विचारावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. दहा पावलांवर सुशांत उभा होता. तिने विचारलं नाही.

तिसऱ्या मिनिटाला गरुड कड्यावरून खाली झेपावतो आणि डबा पुढे आपटतो. टीव्हीत अकरा तोंडं किंचाळली आणि एक तोंड एकदम मिटलं. दार उघडल्यावर अकरा जण बाहेर आले. रघुनाथराव तसेच बसून होते, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

“आजोबा, उठा ना,” नात म्हणाली.

“उठाक होईत नाय गो,” ते म्हणाले. मग स्वतःच्या मांड्यांकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, “माजे पाय खंय गेले?”

स्पृहा खळखळून हसली. आजोबा गंमत करतायत असं तिला वाटलं.

सुशांतने पहिली गोष्ट केली ती ही, की रांगेतल्या लोकांना दिसू नये म्हणून पडदा ओढायला लावला. दुसरी, व्हीलचेअर मागवली. रघुनाथरावांना चौघांनी धरून बाहेर काढलं, तेव्हा त्यांची एक चप्पल डब्यातच राहिली. ती कौसल्याने धावत जाऊन लिफ्टमध्ये लक्ष्मीबाईंच्या हातात दिली. आणि वीस मिनिटांनी पुढचा खेळ सुरू झाला! माणसाचे पाय गेले होते आणि यांचा खेळ वीस मिनिटं थांबला होता, तेवढ्याबद्दलही सुशांत विनीतवर खेकसला.

चार दिवसांनी कौसल्या कामाची पाळी संपवून परळच्या हॉस्पिटलात गेली. हातात शहाळं होतं. लक्ष्मीबाईंनी तिला ओळखलं आणि स्टुल पुढे केलं. चार वर्षांपूर्वी रघुनाथरावांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. नेमकी त्याच जागची चकती गचक्याने सरकून नसेवर बसली होती. पुन्हा ऑपरेशन झालं. पायात जीव परत येईल का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणत होते, वाट बघू.

रघुनाथराव छताकडे बघत पडले होते. “चूक माजीच आसा,” ते म्हणाले. कुणी काही विचारलंही नव्हतं.

“चार दिवस हेच चाललंय,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “जेवतत नाय, बोलतत नाय. नातीक भेटाक देनत नाय. म्हणतत, हौस केली ती भोगूक व्हयी.”

“काका, तुम्ही बोर्ड वाचत होता. मी बघितलं.”

“वाचलंय तर. मराठीत होता म्हणान मुद्दाम वाचलंय. बरा वाटला, कोणीतरी आमच्या भाषेत लिवल्यान म्हणान. मागील समस्या, असा होता. मी इचार केलंय, माजी समस्या मागची. ऑपरेशन झाला, ती मागे पडली. आता मी लालबागसून दादरपर्यंत चलत जातंय. ज्येची मागची अजून संपली नाय, त्येका सांगतत. माका कळाक होया होता. माजीच चूक.”

कौसल्या स्टुलावरून उठली. तिथे बसून राहिली असती तर त्या शांत वॉर्डात ओरडली असती. म्हणजे या माणसाने सूचना धुडकावली नव्हती. न वाचताही बसला नव्हता. त्याने बोट धरून वाचलं, विचार केला, आणि जे लिहिलं होतं तेच मानलं. हजारात एकाने त्या बोर्डावर विश्वास ठेवला, आणि नेमका तोच आडवा झाला. वर तोच स्वतःला दोष देत पडला होता, आणि ज्यांनी दोष घ्यायचा ते एसीत बसून दिवसाला तीस खेळ चालवत होते. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. जिना उतरताना तिने सुशांतला, कंपनीला, त्या कम्प्युटरला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घातल्या.

रुपालीने पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी सुशांतने कौसल्याला केबिनमध्ये बोलावलं, आणि काय आश्चर्य, खुर्ची दिली. चहा आला, तोही कपबशीत. मग एक कागद पुढे सरकला.

“सहीपुरतं आहे, मावशी. विनीतने केलीये, तुम्ही करा. आणि तुमच्या सुपरवायझर होण्याचं मी कंत्राटदाराशी बोललोय.”

कौसल्याने कागद उचलला. तिचे वडील चाळिसाव्या वर्षी रात्रशाळेत जाऊन नाव लिहायला शिकले होते. त्याआधी मुकादमाने कुठे कुठे अंगठा घेतला आणि त्यात काय काय गेलं, ते त्यांनी मुलांना जेवताना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा त्या घरचा पंचशीलानंतरचा सहावा नियम. तिने कागद एकदा वाचला आणि मग पुन्हा वाचला.

‘सदर दिवशी खेळ सुरू करण्यापूर्वी सर्व सूचना मराठीतून मोठ्याने वाचून दाखवण्यात आल्या होत्या व त्या समजल्याचे श्री. घाडी यांनी सांगितले होते, याची मी साक्षीदार आहे.’

चोराच्या उलट्या बोंबा तिने आयुष्यभर ऐकल्या होत्या. इथे चोर स्वतः गप्प बसून तिला बोंब मारायला सांगत होता.

“सर, सूचना वाचून दाखवल्या असं लिहिलंय.”

“हां.”

“कुणी दाखवल्या?”

“मावशी, फॉर्मॅलिटी असते. कशाला ताणता?”

“नाही, ताणत नाही. सही पाहिजे ना तुम्हाला? पण न झालेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. आधी वाचून दाखवते, मग करते.”

आणि सुशांत खुर्चीतून उठेपर्यंत ती कागद आणि त्याचंच पेन घेऊन केबिनबाहेर पडली होती.

दुपारचे चार वाजले होते. रांगेत चाळीसएक माणसं. कौसल्या बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. पंचवीस वर्षं चाळीच्या नळावर कमावलेला आवाज होता, त्याला माईक लागत नाही.

“ओ, सगळ्यांनी ऐका! इथे लिहिलंय हृदयाची अट. अट-बिट काही नाही. ज्यांना हार्टचा त्रास आहे, अँजिओप्लास्टी झालीये, त्यांनी बसायचं नाही. मागील समस्या म्हणजे मागच्या वर्षीची नाही, पाठीची! मणक्यात गॅप असेल, मानेचं दुखणं असेल, पाठीचं ऑपरेशन झालं असेल, मग ते दहा वर्षांपूर्वी का होईना आणि आता कितीही बरं वाटत का असेना, बसायचं नाही. परवाच एक माणूस हे वाचून बसला, तो अजून उठलेला नाही. आणि अपेक्षा करणाऱ्या माता म्हणजे गरोदर बाया. घरी सांगितलं नसेल तर मलाही सांगू नका, गुपचूप बाजूला व्हा.”

एक गृहस्थ मानेला हात लावत रांगेतून निघाले. एका तरुण मुलीने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो आधी गोंधळला, मग तिचा हात धरून तिला बाकाकडे घेऊन गेला. एक आजी म्हणाल्या, “अगो बाई, मला वाटलं सासवांसाठी लिहिलंय.” रांग निम्मी झाली. सुशांत लांबून “मावशी, मावशी” करत येत होता, पण लोक आता त्याला आडवे येऊन विचारत होते, तो माणूस कोण, काय झालं, कधी झालं? विनीतने मान खाली घातली ती वर केली नाही. कौसल्याला त्याचाही राग आला, पण तिने त्याला रागाच्या रांगेत शेवटचा नंबर दिला.

तिने कागद बोर्डावरच टेकवला, छापलेला मजकूर एका रेघेने खोडला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सूचना पहिल्यांदा आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी वाचून दाखवल्या. त्याआधी कुणीही कधीही वाचून दाखवल्या नाहीत. मी विचारायचे, मला मॅनेजरने बंद करायला लावले. बोर्डाची मराठी चुकीची आहे, हे मी आधीच सांगितले होते.’ खाली पूर्ण नाव लिहिलं, कौसल्या बुधाजी गमरे, आणि सही केली.

“इकडे द्या तो,” सुशांत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

“झेरॉक्स काढून देते,” ती म्हणाली.

“उद्यापासून येऊ नका.”

“उद्याची वाट कोण बघतंय?” तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून पोछ्याच्या दांड्याला अडकवलं आणि लिफ्टने खाली उतरली. झेरॉक्स तिने खरोखरच काढली आणि मॉलच्या वॉचमनकडे सुशांतच्या नावाने ठेवली. शब्द म्हणजे शब्द.

मूळ कागद घेऊन ती हॉस्पिटलात गेली. रुपाली तिथेच होती. तिने वाचला, पुन्हा वाचला आणि तो फाईलमध्ये ठेवायला लागली. “थांब,” कौसल्या म्हणाली. “आधी त्यांना वाचून दाखवू दे.”

पलंगाशेजारी उभं राहून तिने रघुनाथरावांना तो कागद वाचून दाखवला. मग बोर्डावर काय लिहायला हवं होतं ते सांगितलं. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. एवढंच. सहा शब्दसुद्धा नाहीत.

रघुनाथरावांनी छतावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. “पाठीचा, असा लिवचा होता?”

“हो.”

“तसा लिवला असता तर मी बसलंयच नसतंय.”

“माहितीये मला.”

“म्हणजे मी बरोबर वाचलंय?”

“अगदी बरोबर वाचलंत, काका. लिहिणाऱ्याने चुकीचं लिहिलं. आणि त्यांना ते माहीत होतं.”

चादरीखाली पाय होते तसेच पडून होते. मग त्यांचे कान लाल झाले, मानेची शीर तट्ट फुगली, आणि एरवी इस्त्रीच्या शर्टात वावरणाऱ्या त्या सभ्य माणसाने त्या मॉलला, त्या डब्याला आणि तो बोर्ड लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना अशी एक अस्सल मालवणी शिवी हासडली, की चार पलंग पलीकडची नर्स दचकून वळली.

रुपाली “बाबा!” म्हणून ओरडली.

लक्ष्मीबाईंनी पदराने डोळे पुसले, स्टुल नवऱ्याच्या अगदी जवळ ओढलं आणि म्हणाल्या, “आजून एक घाला.”